नऊ गज, एक हात

लांबेबाबांच्या दर्ग्यात येणाऱ्या प्रत्येकाचं माप घेतलं जायचं, फक्त बाबांचं नाही. दर गुरुवारी आया आपल्या बुटक्या मुलांना घेऊन यायच्या. दर्ग्याची देखभाल करणारे मुजावर उस्मानचाचा मुलाला जाळीला पाठ लावून उभं करायचे, टाचेपासून डोक्यापर्यंत हिरवा दोरा धरायचे, तोडायचे आणि जाळीला बांधून टाकायचे. मूल दोऱ्याहून उंच झालं की आईनं येऊन दोरा सोडवायचा आणि मलिदा वाटायचा. कबर मात्र मोजायची नाही. मोजणाऱ्याचं आयुष्य त्या मापाइतकं कमी होतं म्हणत. म्हणजे किती, हे कोणी सांगू शकत नव्हतं, कारण त्यासाठी आधी कबर मोजायला हवी. ती नऊ गजांची आहे असं सगळे धरून चालत. माझाही दोरा त्या जाळीला होता. आईनं मला वडिलांच्या नकळत नेलं होतं. दोरा साडेतीन फुटांचा होता आणि वर्षभरात मी त्याच्या वर गेले, त्यामुळे नवस रीतसर फळला. पुढं मी पाच फुटांवर कायमची थांबले यात बाबांना बोल लावता येत नाही. आईनं मागणंच तेवढं मागितलं होतं.

बाबांची गोष्ट अशी. भिवंडीच्या खाडीत गलबतं लागायची तेव्हाची. नक्की केव्हाची, असं विचारलं की चाचा म्हणायचे, "बंदर होतं तेव्हाची." एका भरतीला माणसांनी भरलेलं गलबत काठाजवळ कलायला लागलं. काठावर नमाज पढणारा एक फकीर पाण्यात उतरला आणि त्यानं गलबताचा दोर धरला. पाणी कमरेला आलं तसा तो वाढला, गळ्याशी आलं तसा आणखी वाढला. शेवटचं माणूस उतरेपर्यंत तो नऊ गजांचा झाला होता. मग तो काठावर येऊन आडवा झाला आणि उठला नाही. गलबतात कोण होतं यावर मतभेद होते. मुसलमान मोहल्ल्यात सांगत की हजला निघालेले यात्रेकरू. खाडीकडचे आगरी सांगत की मिठाच्या गोणी घेऊन निघालेली त्यांची माणसं. आमच्या वस्तीतले म्हातारे सांगत की आपलेही लोक होते, फक्त मागच्या बाजूला बसवलेले. गोष्टीच्या तात्पर्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: बाबा मिरवायला वाढत नाहीत, कोणी बुडत असलं तरच वाढतात. त्या दर्ग्याचं सगळं धर्मशास्त्र एवढंच होतं, आणि मी नंतर वाचलेल्या पुष्कळ जाडजूड धर्मशास्त्रांपेक्षा ते मला अजूनही सुटसुटीत वाटतं.

अशा लांब कबरी देशात ठिकठिकाणी आहेत, हे मला कॉलेजात कळलं. कोणी म्हणतं तिथं एकामागे एक अनेक माणसं पुरलेली असतात, कोणी म्हणतं संताचा मोठेपणा दाखवायला कबरच मोठी बांधत. कोणी म्हणतं दर वर्षी चुन्याचा हात देऊन देऊन कबर चहूकडून जाड होत जाते. मी इतिहास घेऊन पहिल्या वर्षाला होते आणि त्या वयात माणूस वाचलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहत नाही. मी चाचांना हे तिन्ही सिद्धान्त ऐकवले. ते लोबानाचे निखारे फुंकत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल बेटा. तिकडं तसं झालं असेल. इथं वेगळं झालं."

आमचं घर दर्ग्यापासून हाकेच्या अंतरावर, पण हाक ऐकू गेली नसती, कारण मध्ये यंत्रमागांच्या चार लूमशेड होत्या. भिवंडीत वाढलेल्या माणसाला आवाज ऐकू येत नाही, आवाज थांबलेला ऐकू येतो. लोडशेडिंगमध्ये वीज गेली की खटखट एकदम थांबायची आणि गल्लीतले सगळेजण त्या शांततेत ओरडून बोलत असल्याचं एकमेकांच्या लक्षात यायचं. खारबावचे काका आमच्याकडे आले की दारातूनच विचारायचे, "भांडताय काय रं?" आम्ही भांडत नसू. आई फक्त जेवायला वाढत असे. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाची चटणी, आणि प्रत्येक पदार्थाबरोबर एक सूचना, शेडच्या वर ऐकू जाईल अशा पट्टीत. घरकाम आटोपलं की ती शिवणाच्या मशीनवर बसायची. परकर, साड्यांचे फॉल, उशांचे अभ्रे. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या कमरेचं माप तिला पाठ होतं, आणि ते ती कोणाला सांगत नसे.

वडील फारूकशेठच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे आणि चालू लूम बिघडू न देणारे. सगळा रस्ता त्यांना वसंत मिस्त्री म्हणायचा. आम्ही बौद्ध. भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि तिच्याखाली वडिलांचा पाने-पकडींचा डबा, दोन्हींवर धूळ बसू द्यायची नाही हा घरचा नियम. वडील देवळात जात नसत, दर्ग्यात जात नसत, आणि न जाण्याचं भाषणही करत नसत. आईचं म्हणणं जरा वेगळं होतं. बावीस प्रतिज्ञांत पिराचं नाव न्हाय, असं ती मला हळूच सांगायची, आणि तिचं हळूच म्हणजे शेजारच्या दोन खोल्यांपर्यंत.

बाबांचा गलेफ, म्हणजे उरुसाला कबरीवर घालायची हिरवी चादर, फारूकशेठच्या घराण्याकडून यायचा. तो बाजारातून आणायचा नाही, शेडमध्ये विणायचा. अखंड, मध्ये जोड नाही. एकाच माणसानं विणायचा, आंघोळ करून. माप ठरलेलं होतं: नऊ गज, एक हात. हा वरचा हात पायाकडे दुमडून खाली सोडायचा. कित्येक वर्षं शेडमधले अन्सारीचाचा तो विणत. त्या वर्षी त्यांची नजर गेली आणि मुलगा त्यांना उत्तर प्रदेशात गावी घेऊन गेला. फारूकशेठनं वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "कापड विणणं माझं काम आहे शेठ. ते कोणावर पडतं ते माझं काम नाही." शेठला हे उत्तर आवडलं असावं, कारण त्यांनी ते पुढं चार जणांना सांगितलं. विणायच्या दिवशी वडिलांनी पहाटे आंघोळ केली. आईनं पाणी तापवून ठेवलं होतं म्हणून केली, त्याला दुसरं कारण नव्हतं, असं त्यांनी न विचारता सांगितलं. कापड उतरल्यावर शेठसमोर तीनदा मोजलं. नऊ गज, एक हात. मग ते पांढरं कापड रंगाऱ्याकडे गेलं, हिरवं होऊन शेठच्या घरी आलं आणि तिथून उरुसाच्या मिरवणुकीत.

दर्ग्याच्या ट्रस्टला त्या वर्षी नवीन अध्यक्ष लाभले होते. 'लाभले' हा शब्द त्यांच्याच बॅनरवरचा. पूर्वी संदलची मिरवणूक म्हणजे दोन ताशे, एक घोडा आणि लोबानाचा धूर. अध्यक्षांनी त्यात बँड आणला, फुलांनी मढवलेला ट्रक आणला, आणि इको दिलेला माईक आणला, ज्यात ते 'बाबा' म्हणाले की बाबा पाच वेळा ऐकू येत. ट्रकवर गलेफ कमी आणि पाहुणे जास्त होते. दुपारच्या नमाजनंतर निघालेली मिरवणूक दिवस कलताना दर्ग्यात पोहोचली. बायकांनी आत जायचं नाही, म्हणून आई आणि मी जाळीपाशी. वडील फाटकाबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी उभे. आपण विणलेलं कापड कसं बसतं एवढंच बघायला आलोय, असा त्यांचा चेहरा होता.

उस्मानचाचांनी डोक्याकडून गलेफ सोडायला सुरुवात केली. चार माणसं दोन्ही बाजूंनी धरून पायाकडे सरकत गेली. हिरवा रंग दिव्याखाली छान दिसत होता. मग ती माणसं थांबली. पायाकडे वीतभर चुना उघडा राहिला होता. त्यांनी कापड ताणलं, डोक्याकडून थोडं खाली ओढलं, तर डोकं उघडं पडायला लागलं. पुन्हा वर सरकवलं. वीतभर चुना तसाच. आमच्या शेजारची बाई पुटपुटली, "या अल्ला, कमी पडला." आणि मागून कोणीतरी, अगदी सहज, म्हणालं, "इस बार मिस्त्री नया है ना."

एवढंच. चोर हा शब्द कोणी उच्चारला नाही. पण मी फाटकाकडे पाहिलं तर चपलांच्या ढिगाजवळची माणसं वडिलांकडे बघत होती आणि वडील समोर बघत होते. दीड हात कापड म्हणजे काही ऐवज नव्हे, पण लूमच्या धंद्यात कापड कमी भरण्याला एकच अर्थ असतो.

तेवढ्यात अध्यक्षांना सुचलं. माणूस मूर्ख नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांनी माईक तोंडाशी धरला आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "कपडा कम नहीं हुआ है. बाबा बढ़ गए हैं." इकोनं ते पाच वेळा सांगितलं. आणि मग असा गलका उठला की शेडचे लूम ऐकू येईनात. माणसं रडायला लागली. बँडवाल्यांना कोणी सांगितलं नव्हतं तरी त्यांनी वाजवायला सुरुवात केली. बाबा वाढले, म्हणजे कोणीतरी बुडत होतं. कोण बुडत होतं ते शोधायला फार वेळ लागला नाही. फाटकाजवळच्या माणसांनी वडिलांना मिठ्या मारल्या. एक म्हातारा त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाला, "मिस्त्री, बाबांनी तुझी इज्जत राखली रे." वडिलांनी त्याचे हात हळूच बाजूला केले, आपली चप्पल शोधली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी ते ड्युटीवर गेले नाहीत. आईला वाटलं, अंग दुखत असेल. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, "कबर मोजा, मग जातो."

"कबर न्हाय मोजत कोनी."

"मग मी पण नाही जात."

"आवो, पण बाबा वाढला ना? वाढला तर वाढू द्या. तुमच्या खिशातून वाढला का?" आई भाकरी थापता थापता म्हणाली. "समद्या गावानं मानलं. तुमी येकटेच आडून बसलाय."

"सगळ्या गावानं काय मानलं, सांग. मी कापड खाल्लं आणि बाबांनी पांघरूण घातलं, हे मानलं. मला पांघरूण नको. मी खाल्लेलं नाही."

आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. इतिहास घेतलेली मी ताटं मांडायला लागले.

पाचव्या दिवशी फारूकशेठ स्वतः आले. आमच्या घरात खुर्ची एकच, ती त्यांना. वडील खाटेवर, आई चुलीकडे पाठ करून, पण कान इकडे. शेठ भला माणूस होता. ईदला त्यांच्या घरून आमच्याकडे सांदणं यायची, केळीच्या पानावर, अजून वाफ निघत असलेली.

"मिस्त्री, तुला चोर कोण म्हणालं?" शेठनी विचारलं.

"कोणी नाही."

"मी म्हणालो?"

"नाही शेठ."

"मग? आठ लूम बंद पडलेत माझे."

"कोणी म्हणालं असतं तर बरं झालं असतं. त्याला उत्तर दिलं असतं. आता मला बाबांनी वाचवलंय. बाबांना काय उत्तर देऊ?"

शेठनी चहा संपवला. वडील मग धंद्याच्या भाषेत बोलले. सुताला कांजी असते, कोरं कापड रंगाच्या पाण्यात गेलं की आकसतं, दीड हात सहज जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेठ म्हणाले, "नकोच सांगू. पण तेच सूत, तोच रंगारी, तेच माप. अन्सारीचा गलेफ इतकी वर्षं नाही आकसला?" खरी गोम तिथंच होती. आकसतं हे त्यांना माहीत होतं, आणि अन्सारीचाचांचा गलेफ दर वर्षी पायाखाली हातभर लोंबलेला सगळ्यांनी पाहिलेला होता. स्वतःच्या बाजूनं असलेला एकमेव पुरावा स्वतःच्याच विरुद्ध जात होता. शेठ उठताना म्हणाले, "मिस्त्री, मी आणखी आठवडाभर थांबतो. मग मला दुसरा माणूस बघावा लागेल. दिल से नहीं बोल रहा." आणि ते खरंच मनापासून बोलत नव्हते, हे दिसत होतं, त्यामुळे तर आई जास्तच घाबरली.

पुढचे दिवस मला आजही अंगावर आल्यासारखे आठवतात, आणि त्यात घडलं काहीच नाही. वडील खाटेवर बसून असायचे. डब्यातले पाने एकेक काढून पुसायचे आणि परत ठेवायचे. शेडमधून येणाऱ्या खटखटीत कुठला लूम अडखळतोय ते त्यांना बसल्या जागी कळायचं, मग मान जराशी वळायची, आणि परत सरळ व्हायची. बायको-मुलीनं विश्वास ठेवलाय, हे त्यांना पुरत नव्हतं. तेव्हा मला याचा राग आला होता. आता त्यांच्या वयाच्या जवळ आल्यावर वाटतं, घरच्यांचा विश्वास माणूस धरूनच चालतो, तो मोजत नाही.

अकराव्या दिवशी गुरुवार आला. आई मला म्हणाली, "चल, दर्ग्यात जाऊ. बापाला सांगू नको." मी विचारलं, काय मागणार? ती म्हणाली, "मागनार काय. बाबाला सांगनार, बाबा, तू परत बारीक हो."

उस्मानचाचा ओसरीवर एकटेच होते. दाढी वाढलेली, कुर्त्याचं बटण तुटलेलं. त्यांची बायको हलीमाबी उरुसाच्या दोन-तीन महिने आधी वारली होती आणि त्यांच्याकडे बघून ते कळायचं. आईनं आपलं गाऱ्हाणं सांगितलं, बाबांना आणि चाचांना एकदमच, कारण तिच्या आवाजात दोघांना वेगवेगळं सांगण्याची सोय नव्हती. चाचांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "ताई, मिस्त्री तसा माणूस नाही, हे मला माहीत आहे. पण कबर मी मोजू शकत नाही. माझ्या बापानं मोजली नाही." मग काहीतरी द्यायला हवं म्हणून आत गेले आणि जुन्या गलेफांची ट्रंक ओढत बाहेर आणली. उतरवलेल्या गलेफाचा तुकडा घरात ठेवला की बरकत येते अशी समजूत होती. लोक तो लूमला बांधत, पाळण्याला बांधत. चाचांनी मागच्या वर्षीचा गलेफ काढला आणि कात्री शोधायला लागले.

"कुठला कापू? पायाकडचा घ्या. एरवी मी बाजूच्या कडेचाच कापून देतो."

आईनं पायाकडचं टोक हातात घेतलं. तिथं सोनेरी गोट्याची, म्हणजे जरीच्या फितीची, आडवी पट्टी लावलेली होती, दोन बोटं रुंद, आणि तिच्याखाली दीड हात हिरवं कापड. आईचा अंगठा गोट्याखाली गेला आणि थांबला. तिनं कापड उलटं केलं, उजेडात धरलं.

"चाचा, ह्ये जोडलेलं हाय."

"गलेफाला जोड नसतो ताई."

"आवो नसतो कसा, हा बगा. गोटा वरून लावलाय, जोड झाकायला. हातशिवण हाय. ह्ये खालचं कापड पन येगलं, सुती हाय, पन शेडमधलं न्हाय. ओढनीचं हाय."

आईनं न विचारता ट्रंकेत हात घातला आणि दुसरा गलेफ काढला. जोड. तिसरा. जोड. तळाशी गेलेले फिके पडलेले गलेफ काढले, त्यांनाही जोड. गोट्याची तऱ्हा बदललेली, टाका तोच, बारीक आणि एकसारखा. माझी आई दुसऱ्या बाईच्या शिवणाचं सहसा कौतुक करत नसे. त्या दिवशी तिनं त्या टाक्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "काय हात होता."

"रंगाऱ्याकडून गलेफ आमच्या घरी यायचा," चाचा हळूहळू म्हणाले. "हलीमाबी म्हणायची, सुरकुत्या पडल्यात, मी इस्त्री करते. एक दिवस ठेवून घ्यायची. दर वर्षी. मला वाटायचं, गोटा लावते हौसेनं." ते ट्रंकेच्या कडेवर टेकले. इतकी वर्षं स्वतःच्या हातानं तो जोड त्यांनी कबरीवर पसरला होता आणि त्यांना दिसला नव्हता. पुरुषांना उसवलेलं दिसतं, शिवलेलं दिसत नाही. "यावर्षी कापड सरळ शेठकडून मिरवणुकीत गेलं," ते म्हणाले. "इस्त्री करायला कोणी नव्हतं."

आई आधीच उठली होती. पदर खोचून ती ज्या वेगानं घराकडे निघाली तो मी आधी किंवा नंतर पाहिला नाही. वडील खाटेवर होते. "चला," ती दारातून म्हणाली, "कबर न्हाय, गलेफ मोजायचेत. गलेफ मोजायला कोनाची बंदी न्हाय."

तासाभरात दर्ग्याच्या ओसरीवर फारूकशेठ आले, अध्यक्ष आले, आणि वडील पहिल्यांदा फाटकाच्या आत आले, चप्पल काढून. शेडमधला लोखंडी गज आणला होता. वडिलांनी जुने गलेफ एकेक पसरले आणि जोडाच्या वरचा भाग मोजला. सगळे दोन-चार बोटांच्या फरकानं सारखे, आणि सगळे चाचांनी तेवढ्यापुरता उतरवून आणलेल्या या वर्षीच्या गलेफाएवढेच. शेठनी स्वतः दोन परत मोजले. मग ते गज खाली ठेवून मोठ्यानं श्वास सोडत म्हणाले, "म्हणजे अन्सारीचा पण कमीच पडायचा." वडिलांनी मान हलवली. एवढंच केलं, पण अकरा दिवस खांद्यावर धरून ठेवलेलं काहीतरी खाली उतरल्यासारखे त्यांचे दोन्ही हात सैल सुटले.

एक प्रश्न उरला होता. माप ठरवणाऱ्यांनीच चूक केली होती का? तो चाचांनी सोडवला. त्यांच्या बापाच्या वेळी शेठचं घराणं हातमागावर विणायचं. तेव्हा सूत आधी हिरवं रंगवत आणि मग विणत. कापड आकसायचा प्रश्नच नव्हता, नऊ गज एक हात म्हणजे नऊ गज एक हात. पुढं पॉवरलूम आले, कोरं विणून नंतर रंगवायची पद्धत आली, सगळं बदललं, माप तेवढं राहिलं. ज्या गावात प्रत्येक शेठ प्रत्येक ऑर्डरीत आकसणं धरूनच कापड काढतो, त्या गावात इतकी वर्षं फक्त एका कापडात ते कोणी धरलं नाही, कारण बाबांच्या मापात हात कोण घालणार. हे कळल्यावर वडील हसले. चांगले खळखळून हसले, आणि शेठही हसायला लागले, आणि मग दोघं एकमेकांकडे बघून पुन्हा हसले.

अध्यक्ष हसत नव्हते. त्यांच्या डोक्यात नव्या बॅनरचा मजकूर असावा. "बात समझ में आ गई," ते म्हणाले. "मिस्त्री साफ आहे. आता बाहेर बोलायची काय जरूर?"

"तुम्ही माईकवर बोललात साहेब," वडील म्हणाले. "मला पण माईकवर पाहिजे."

"लोकांचा ईमान आहे त्यात. ते काय म्हणतील?"

उत्तर चाचांनी दिलं. "काय म्हणतील ते मी ऐकून घेईन. इथला मुजावर मी आहे."

गुरुवारच्या फातेह्याला, म्हणजे प्रार्थनेला, जमलेली माणसं बसली होती. चाचांनी माईक हातात घेतला, इको ऐकून दचकले आणि तो बाजूला ठेवून साध्या आवाजात बोलले. "या वर्षी गलेफ कमी पडला. विणणाऱ्यानं कापड कमी केलं नव्हतं. गलेफ दर वर्षी कमी पडत होता. माझी बायको जोड लावत होती, आणि तिनं कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही. बाबा होते तेवढेच आहेत. त्यांना वाढायची गरज नव्हती, कोणी बुडत नव्हतं. वसंत मिस्त्रीचं काम चोख आहे." मला भीती होती की लोक चिडतील. कोणी चिडलं नाही. बायकांच्या बाजूला कुजबूज झाली, कोणीतरी विचारलं, "कौनसा टाका था?" आणि आईला ते तिथंच दाखवावं लागलं. बाबा खरंच वाढले होते असं मानणारे अजूनही आहेत. आता तो रस्ता रुंद झालाय, शेडच्या जागी शेजारच्या राहनाळ गावासारखी गोदामं आलीत, चाचा नाहीत, अन् मी मागच्या वेळी गेले तेव्हा एका मुलीनं मला ती करामत मोठ्या भक्तिभावानं ऐकवली. मी ऐकून घेतली. चुन्याचे इतके हात बसलेत की थोडे वाढलेही असतील.

फातेहा संपल्यावर दालचा-चावल आला. वडील ओसरीवर मांडी घालून जेवले, शेठशेजारी. शेठ म्हणाले, "उद्या पहिली शिफ्ट?" वडील म्हणाले, "पहिली." मग शेठनी विषय काढला. पुढच्या वर्षीचा गलेफ मिस्त्रीनंच विणायचा, पण आता आकसणं धरून विणायचा. आणखी दीड हात वाढवा, म्हणजे कायमची कटकट मिटेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. वडिलांचा तर हा विजयच होता. उस्मानचाचा ट्रंकेत जुने गलेफ परत घडी करून ठेवत होते, पायाकडची बाजू वर येईल असे, आणि प्रत्येक जोडावर हात थोडा वेळ राहत होता.

वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं. घास खाली ठेवला.

"माप तेच ठेवा शेठ," ते म्हणाले. "जास्त विणलं आणि रंगात कमी आकसलं तर लोंबेल, कोणाच्या पायाखाली येईल. त्यापेक्षा जोडच बरा. आमची ही लावत जाईल."

शेठनी क्षणभर विचार केला, हा टेक्निकल मुद्दा आहे म्हणाले, आणि मान्य केलं. तो मुद्दा खोटा होता. त्या सुतानं त्या रंगाऱ्याकडे किती आकसायचं, हे वडिलांइतकं नेमकं सांगणारा माणूस त्या रस्त्यावर दुसरा नव्हता, आणि चार बोटं जास्त आलीच असती तर ती आत दुमडून शिवता आली असती. सूत, लूम आणि कापड यांच्याबाबतीत वडील जाणूनबुजून खोटं बोलल्याचं माझ्याकडे एवढं एकच उदाहरण आहे.